साइनच्या मागावर: हिंगणघाट ते कुसुमपूर

२० जानेवारी १८२३. तुम्ही हिंगणघाटला एका मोठ्या छावणीत उभे आहात. हैदराबादहून नागपूरला निघालेला सर्वेक्षणाचा तांडा इथे थांबलाय. वीस वर्षं हिंदुस्थानची मोजणी करणारा विल्यम लॅम्टन आज वारला. त्याला इथेच पुरतील. त्याची कबर याच गावात आहे. माणसं दबक्या आवाजात बोलताहेत, बैल सोडून ठेवलेत, हिशेबाच्या वह्यांच्या पेट्या एका तंबूत रचून ठेवल्यात. तुम्हाला त्याच तंबूत जायचंय.

मेजावर आकड्यांचं एक जाडजूड पुस्तक उघडं पडलंय. पानभर बारीक टाइपातले रकाने, डावीकडे अंश आणि कला, वर इंग्रजी मथळा: साइन. या पुस्तकावाचून लॅम्टनचा अर्धा टन वजनाचा, कोन मोजायचा थिओडोलाइट म्हणजे नुसती पितळेची रास झाली असती. साखळी टाकून प्रत्यक्ष मोजायची ती एखादीच रेषा. १८०२ मध्ये मद्रासजवळ साडेसात मैलांची अशी रेषा मोजून त्याने कामाला हात घातला. पुढे मोजायचे ते कोन. रेषेच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या एकाच टेकडीवर दुर्बीण रोखायची, दोन कोन घ्यायचे आणि न मोजलेल्या दोन बाजू बसल्या जागी गणिताने काढायच्या. त्रिकोणाची बाजू तिच्या समोरच्या कोनाच्या साइनच्या प्रमाणात असते. एवढ्या एका नियमाच्या जोरावर त्रिकोणाला त्रिकोण जोडत ही माणसं दक्षिणेच्या टोकापासून दख्खनपर्यंत आली. डोंगर मिळाला नाही तिथे देवळाच्या गोपुरावर ते यंत्र चढवलं.

तुम्हाला या मथळ्यातल्या शब्दाचा माग काढायचाय. वाटेत त्याचा उच्चार बदलेल, लिपी बदलेल, अर्थही बदलेल. म्हणून एक खूण गाठीला बांधून घ्या: तीस अंशांची ओळ. तीस अंशांची साइन वर्तुळाच्या त्रिज्येच्या बरोबर निम्मी असते, मग कोष्टक कुणीही, कुठल्याही भाषेत केलेलं असो. शब्द अनोळखी वाटला की या ओळीवर बोट ठेवा.

आता मागे चला.

१५९३, लंडन. शहरात प्लेगची साथ आहे आणि नाटकघरांना कुलपं लागलीत. सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारात पुस्तकांच्या दुकानांची दाटी आहे. तुम्हाला हवंय ते थॉमस फेलचं या वर्षीचं नवं पुस्तक. विषय सावलीची घड्याळं. चर्चच्या उभ्या भिंतीवर किंवा एखाद्या तिरप्या फरशीवर तासांच्या रेषा कशा आखायच्या, ते त्यात शिकवलंय. भिंत किती कललीय, गाव किती अक्षांशावर आहे, यावर प्रत्येक रेषेचा कोन ठरतो. म्हणून कोष्टक लागतं आणि कोष्टकासाठी नाव लागतं. फेल लिहितो: साइन. छापील इंग्रजीत या शब्दाची सापडलेली पहिली जागा हीच मानतात. इंग्रजीच्या इतक्या मोठ्या शास्त्रीय शब्दाने भिंतीवरच्या घड्याळांच्या एका व्यवहारी पुस्तकातून प्रवेश केला, याचं मला फार अप्रूप वाटतं. गवंडी, घड्याळ आखणारा कारागीर, हौशी जमीनदार यांच्यासाठी तो लिहीत होता, आणि त्यांना समजेल अशा भाषेत लिहायचं तर शब्द घडवावाच लागणार होता.

घडवला म्हणजे लॅटिन शब्दाचं शेपूट कापलं. मूळ शब्द सायनस. होय, सर्दी मुरली की कपाळामागे ठणकतो तोच सायनस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खोलगट वळण, घडी, पोकळी. कवटीतली पोकळी तो, समुद्राने किनाऱ्यात शिरून केलेलं आखात तो, आणि रोमन माणसाच्या छातीवरून जाणाऱ्या वस्त्राची झोळदार घडीही तोच. आईच्या कुशीलाही हाच शब्द. हे ऐकून तुम्ही बुचकळ्यात पडायला हवं. वर्तुळातल्या एका सरळ रेषेला कुशीचं नाव कुणी दिलं? रेषेत कुठे वळण आहे, कुठे घडी आहे?

उत्तर लंडनमध्ये मिळणार नाही. वाटेत न्यूरेम्बर्गला क्षणभर थांबा, कारण तिथल्या योहानेस पेट्रेयसच्या छापखान्यात एक बघण्याजोगी गोष्ट आहे. १५३३ मध्ये याच छापखान्यातून रेगिओमोंटानसचा त्रिकोणांवरचा मोठा ग्रंथ निघाला. लेखकाने तो १४६४ च्या सुमारास लिहिला होता आणि छापून होण्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी तो वारला होता. त्यात पानोपानी सायनस आहे. दहा वर्षांनी, १५४३ मध्ये, याच छापखान्यातून कोपर्निकसचा ग्रंथ निघाला, पृथ्वीला सूर्याभोवती फिरवणारा. त्यातही हेच कोष्टक आहे, पण कोपर्निकस ती कुशी घेत नाही. तो सरळ म्हणतो, दुप्पट कंसाला जोडणाऱ्या रेषेचं अर्ध. ही शब्दयोजना ध्यानात ठेवा. कुसुमपुरात गेल्यावर ती तुम्हाला ओळखीची वाटेल.

आता ११७० च्या आसपासचं तोलेदो. ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेलं हे डोंगरावरचं शहर १०८५ मध्ये कॅस्टिलच्या राजाकडे आलं, पण त्यातली अरबी पुस्तकं गेली नाहीत आणि अरबी वाचणारी माणसंही गेली नाहीत. इटलीतल्या क्रेमोना गावचा जेरार्ड इथे आला तो टॉलेमीचा अल्माजेस्ट हा ज्योतिषग्रंथ शोधत. लॅटिनमध्ये तो मिळत नव्हता, अरबीत होता. मग तो इथेच राहिला, अरबी शिकला आणि मरेपर्यंत भाषांतरं करत राहिला. त्याच्या शिष्यांनी मागे त्याच्या कामाची यादी केली तेव्हा ती सत्तरच्या घरात गेली. खगोल, वैद्यक, बीजगणित, भूमिती, काय नाही त्यात. एका माणसाच्या हातून एवढं काम झालेलं बघितलं की छाती दडपते.

त्याच्या खोलीत शिरा. अल्माजेस्टच्या वेळी त्याच्या मदतीला गालिब नावाचा माणूस होता. तो अरबी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातला. मजकूर वाचून बोलीभाषेत सांगायचा आणि जेरार्ड लॅटिन करायचा. आज मेजावर आहे सेव्हिलच्या जाबिर इब्न अफलाहचा ज्योतिषग्रंथ. वर्तुळाची आकृती आहे, आकृतीत एक उभी रेषा आहे आणि तिच्या नावाची तीन अक्षरं आहेत: जीम, या, बा. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, वाचणारा ते मनाने घालतो. ही तीन अक्षरं अरबी जाणणारा कुणीही वाचेल ती ‘जैब’ अशी. जैब म्हणजे अंगरख्याचा गळा, छातीशी असलेली उघड, जिच्यात हात घालून वस्तू ठेवता येते. कुराणातही हा शब्द वस्त्राच्या गळ्याशी असलेल्या या उघडीसाठी आलाय. फारसीतून तो हिंदुस्थानात उतरला आणि हिंदीत जेब झाला. लोकलच्या फलाटावर ‘जेबकतरों से सावधान’ ऐकून तुम्ही ज्या जेबेवर हात ठेवता, ती हीच.

जैबला लॅटिन प्रतिशब्द काय? छातीवरच्या वस्त्राची घडी, जिच्यात रोमन माणूस वस्तू ठेवायचा, ती सायनस. याहून नेमका शब्द सापडणं अवघड. त्या शतकात याच शब्दाशी आणखीही काही जण झटले. बाथ गावच्या ॲडेलार्डने ११२६ मध्ये कोष्टकांचं भाषांतर करताना अर्थाच्या वाटेलाच न जाता अरबी उच्चारच लॅटिन अक्षरांत ठेवला. तिवोलीच्या प्लेटोने रेषेकडे बघून सरळ दोरी या अर्थाचा शब्द घातला. सायनस रूढ करण्याचं श्रेय कुणी जेरार्डला देतं, कुणी त्याच्याआधी काही वर्षं स्पेनमध्ये काम केलेल्या चेस्टरच्या रॉबर्टला.

ही गोष्ट सांगताना लोक इथे हसतात. युरोपच्या भाषांतरकाराने घोटाळा केला, म्हणून जगभरची पोरं कुशीचं गणित शिकतात, असं रंगवून सांगतात. मला ते पटत नाही. जेरार्डच्या पुढ्यात जो शब्द होता त्याचं त्याने अचूक भाषांतर केलं. अरबी गणिती तोवर तीनएकशे वर्षं त्याला जैबच म्हणत होते. त्यांच्या कानाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आकृतीतली रेषा जागेवर होती. कोष्टकातल्या तीस अंशांच्या ओळीवर बोट ठेवा: साठाच्या त्रिज्येला तीस, दीडशेच्या त्रिज्येला पंचाहत्तर. एकाही हाताने आकडा बिघडवला नाही. नाव दुसरंच झालं आणि वस्तू जशीच्या तशी पोचली, हे निष्काळजी माणसांकडून होत नाही.

साल फारसं बदलू नका. वीसेक वर्षं मागे आणि बरंच पूर्वेला चला: ११५०, सह्याद्रीच्या कुशीतलं विज्जडविड. बरेच अभ्यासक हे गाव चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसरात मानतात. इथला भास्कराचार्य छत्तीस वर्षांचा आहे आणि त्याने नुकताच सिद्धान्तशिरोमणी पुरा केलाय. त्याचा जन्म १११४ चा. जेरार्डचाही जन्म साधारण त्याच सुमाराचा. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नाही. एकजण नदीकाठच्या दगडी शहरात एका परक्या शब्दाचा अर्थ लावतोय, दुसरा त्याच रेषेवर नवं गणित रचतोय, आणि त्या रेषेला तो कुठल्या नावाने हाक मारतो, ते ऐका: ज्या. किंवा जीवा. धनुष्याची दोरी.

सपाट केलेल्या जमिनीवर मोठं वर्तुळ आखलंय. परिघावर खुणा आहेत आणि समोरासमोरच्या खुणांना जोडून सुतं बांधलीत. वर्तुळाचा तुकडा म्हणजे चाप, धनुष्य. त्याच्या दोन टोकांना जोडणारं सूत म्हणजे धनुष्याची दोरी. दोरीच्या मध्यापासून चापाच्या मध्यापर्यंतचा तुकडा म्हणजे शर, लावलेला बाण. आणि दोरीचं अर्ध म्हणजे अर्धज्या, जिला पुढे सोयीसाठी नुसतं ज्या म्हणू लागले. विद्यार्थी सुताची लांबी मोजून पाहतो. ‘ज्योत्पत्ती’ या प्रकरणात भास्कराचार्याने हे सगळं एका जागी आणलंय: मोजकीच सुतं घेऊन बाकीची गणिताने कशी काढायची, दोन कोनांच्या बेरजेची ज्या त्या कोनांच्या ज्यांवरून कशी मिळवायची, एकेका अंशाला एक अशा नव्वद ज्या कशा मांडायच्या.

इथे जरा जास्त वेळ थांबा, कारण ज्या शब्दामागे तुम्ही हिंगणघाटहून निघालात तो तुमच्या तोंडात आधीपासून आहे. शाळेच्या भूमितीत तुम्ही वर्तुळावरच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेला जीवा म्हणालात. केंद्रापासून परिघापर्यंतच्या रेषेला त्रिज्या म्हणालात. त्रिज्या म्हणजे तीन राशींची ज्या. बारा राशींचं पूर्ण वर्तुळ, तीन राशींचा पाव, नव्वद अंश. नव्वद अंशांची अर्धज्या वाढत वाढत वर्तुळाच्या त्रिज्येएवढी होते, म्हणून तिचं नाव त्रिज्या. दहावीचा पेपर लिहिताना मराठी मुलगा एकाच ओळीत ‘त्रिज्या’ आणि ‘साइन’ लिहितो. एक शब्द घरी राहिलेला, दुसरा बगदाद, तोलेदो आणि लंडन फिरून परत आलेला. सख्खे आहेत दोघे.

एका मोहाला मात्र आवर घाला. कोसाइन आणि आपली कोज्या यांतला ‘को’ सारखा ऐकू येतो म्हणून तोही इथूनच गेला, असं पुष्कळदा लिहिलेलं सापडतं. तसं नाही. आपला ‘को’ म्हणजे कोटि, धनुष्याचं वाकडं टोक. इंग्रजीतला ‘को’ लंडनच्या ग्रेशम कॉलेजातल्या एडमंड गंटरने १६२० मध्ये कोष्टकाच्या मथळ्यासाठी केलेला लॅटिन संक्षेप; पूरक कोनाची साइन, असा त्याचा अर्थ. दोन स्वतंत्र शब्द योगायोगाने जुळले. खरं तेवढंच घ्यावं, ते पुरेसं मोठं आहे.

आता जैबपर्यंत दोरी कशी पोचली ते बघायचं. जाताजाता युफ्रेटिसच्या काठी रक्का शहरात डोकावून जा. अल-बत्तानी इथे ८७७ पासून चाळीस वर्षं आकाश बघतोय. त्याच्या कोष्टकात साठाची त्रिज्या आहे, तीस अंशांना तीस. अख्ख्या दोरीऐवजी अर्धी का घेतो, तेही तो सांगतो: दर वेळी कंस दुप्पट करण्याचा खटाटोप वाचतो. त्याच्या आणि तोलेदोच्या मधल्या काळात हे कोष्टक अनेक हातांनी सुधारलं, वाढवलं, उतरवून घेतलं. आपल्याला त्याही मागे जायचंय.

७७० चं दशक, बगदाद. शहर जेमतेम दहा-बारा वर्षांचं आहे. खलीफा अल-मन्सूरने ते गोल आखून वसवलंय आणि भिंतीला अजून ओल्या विटांचा वास आहे. कागदाची गिरणी इथे निघायला वीसेक वर्षं आहेत. लिहायला आहे तो पपायरस आणि चामडं. सिंधहून एक शिष्टमंडळ दरबारात आलंय. त्यात ज्योतिष जाणणारा एक हिंदुस्थानी आहे आणि त्याच्याजवळ संस्कृत सिद्धान्तग्रंथ आहे. खलीफाचा हुकूम सुटतो, याचं अरबी करा. काम अल-फजारीकडे येतं. तयार होणाऱ्या ग्रंथाला नाव पडतं सिंदहिंद. तुमच्या कानाला त्यातला ‘सिद्धान्त’ लगेच कळतो.

या बैठकीत बसा. पाहुणा श्लोक म्हणतो, अर्थ सांगतो. मधे कुठेतरी दुभाषा असणार. ग्रह कुठे दिसेल ते काढायचं तर ही रेषा लागते, असं म्हणून तो आकृतीत बोट फिरवतो आणि तिचं नाव सांगतो: जीवा. लिहिणारा थबकतो. ही रेषा त्याला नवी आहे आणि तिला अरबीत नाव नाही. दोरीसाठी अरबी शब्द आहे, पण इथे पारिभाषिक शब्द म्हणून जो उच्चार आलाय तो तसाच ठेवणं त्याला बरं वाटतं. अरबीत व नाही तसा, म्हणून ब. जीवाचं जीब. लिहायचं कसं? दीर्घ ईसाठी या हे अक्षर. जीम, या, बा.

झालं ते एवढंच. ‘जीब’ असं वाचा किंवा ‘जैब’ असं वाचा, अक्षरं तीच तीन. ‘जीब’ला अरबीत काही अर्थ नाही. ‘जैब’ रोजच्या वापरातला, अंगावरच्या कपड्यातला शब्द. पाहुणा निघून गेला, त्याचा उच्चार ऐकलेली पिढी सरली, आणि पुढच्या वाचकाने तीन अक्षरं पाहून ओळखीचा शब्द वाचला. यात फसवणूक नाही, आळस नाही. तुम्ही आम्हीही तेच वाचलं असतं.

त्या हिंदुस्थानी पंडिताचं खात्रीचं नाव इतिहासात उरलेलं नाही. परमुलखात, परक्या दरबारात बसून त्याने जे समजावून सांगितलं त्याच्यावर पुढची हजार वर्षं आकाशाचा आणि जमिनीचा हिशेब चालला. लॅम्टनची कबर आपल्याला दाखवता येते, याची दाखवता येत नाही, आणि मला ते सलतं.

शेवटची मोठी उडी. ४९९, कुसुमपूर, पाटलिपुत्र, आजचं पाटणा. आर्यभट तेवीस वर्षांचा आहे, तसं त्याने स्वतःच श्लोकात नोंदवून ठेवलंय. पुढे त्याच्यावर भाष्य लिहिणारा पहिला भास्कर त्याच्या परंपरेला आश्मकीय म्हणतो. अश्मक हे गोदावरीच्या काठच्या प्रदेशाचं जुनं नाव. तेव्हा हा तरुण आपल्या बाजूचा असणं शक्य आहे, याहून जास्त मी म्हणणार नाही.

जमिनीवर बसा. एक खुंटी रोवा, तिला दोरा बांधा, दोऱ्याच्या टोकाने वर्तुळ काढा. खुंटीची जागा ते केंद्र. हा शब्द संस्कृतने ग्रीकांच्या केन्ट्रोनवरून घेतलाय, आणि तो घेताना आपण कुणापुढे वाकलो नाही, शिकलो. आर्यभटाच्या आधी सुमारे साडेतीनशे वर्षं अलेक्झांड्रियात टॉलेमीने अख्ख्या दोऱ्यांचं कोष्टक केलं होतं, अर्ध्या अर्ध्या अंशाचं. पण आकाशातल्या त्रिकोणात लागते ती बहुतेक वेळा दोरीची अर्धी बाजू. मग कोन दुप्पट करा, कोष्टक बघा, आलेलं उत्तर निम्मं करा. हा हेलपाटा ज्यांनी बंद केला त्यांनी गणिताचं मोठं काम केलं. अर्धज्या हीच मूळ रास धरली की काटकोन त्रिकोण आपोआप समोर येतो: त्रिज्या कर्ण, अर्धज्या उभी बाजू, कोटिज्या आडवी.

आता आर्यभटाचं माप बघा. वर्तुळाच्या कला, म्हणजे अंशाचे साठावे भाग, एकवीस हजार सहाशे. परीघ आणि व्यास यांचं त्याने दिलेलं प्रमाण ६२,८३२ ला २०,०००. त्यावरून त्रिज्या येते ३,४३८ कला. चाप आणि दोरी दोन्ही एकाच मापात मोजायची, ही यातली खुबी. पाव वर्तुळाचे चोवीस भाग केले की एकेक भाग २२५ कलांचा. एवढा लहान चाप जवळजवळ सरळच असतो, म्हणून पहिली ज्याही २२५. पुढे प्रत्येक पावलाला ज्या किती वाढते तेवढंच त्याने सांगितलंय: २२५, मग २२४, २२२, २१९, अशी उतरत उतरत चोविसाव्या पावलाला फक्त ७. चोवीस आकडे एका श्लोकात मावावेत म्हणून त्याने अक्षरांनाच किमती दिल्या. क ते म यांना एक ते पंचवीस. अक्षराला इकार लागला की शंभरपट. ‘मखि’ म्हणा: म पंचवीस, खि दोनशे, झाले २२५. ‘भखि’: २२४. अर्थ काही नाही, नुसते आकडे, पण तोंडात बसतात. दिवा नसलेल्या खोलीतही मुलगा हे कोष्टक म्हणू शकतो.

तुमची खूण काढा. तीस अंश म्हणजे आठवं पाऊल. पहिले आठ आकडे बोटांवर मिळवा: २२५, ४४९, ६७१, ८९०, ११०५, १३१५, १५२०, १७१९. आणि ३,४३८ चं निम्मं किती? हेच. यामागचं कारणही जमिनीवरच्या वर्तुळात दिसतं. त्रिज्येएवढाच दोरा परिघावर लावत गेलात तर तो बरोबर सहा वेळा बसतो. वर्तुळाच्या सहाव्या भागाची जीवा त्रिज्येएवढी असते, हे आर्यभटाने स्वच्छ लिहिलंय. साठ अंशांची दोरी त्रिज्येएवढी, म्हणून तिचं अर्ध तीस अंशांचं. कोपर्निकसने दुप्पट कंसाच्या रेषेचं अर्ध असं जे लिहिलं ते त्याच्या नकळत अर्धज्या या नावाच्या सर्वांत जवळ जाणारं होतं.

परतीच्या वाटेवर मुंबईला एक थांबा घ्या. १८६४. डॉ. भाऊ दाजी लाड दिवसभर रोगी तपासतात आणि उरलेल्या वेळात पोथ्या, ताम्रपट, शिलालेख धुंडाळतात. पाटणच्या देवळातला शिलालेख त्यांनीच उजेडात आणला, ज्यात भास्कराचार्याच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची हकिकत आहे. पण आज त्यांच्यासमोर आहेत त्या मलबारकडून मिळालेल्या आर्यभटाच्या ग्रंथाच्या, आर्यभटीयाच्या, पोथ्या. युरोपातल्या पंडितांना हा ग्रंथ हाती लागला नव्हता. आर्यभट नावाचे दोन ज्योतिषी होऊन गेले हेही नीट उलगडलेलं नव्हतं आणि एकाचं दुसऱ्याच्या माथी मारलं जात होतं. भाऊ दाजींनी १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात निबंध छापून तो गुंता सोडवला. पोथ्या केरळातच मिळाव्यात यालाही कारण होतं. तिथे आर्यभटाचं पठण कधी थांबलंच नव्हतं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस संगमग्रामच्या माधवाने ज्येची अनंत श्रेणी शोधली आणि तिच्या आधारे त्या चोवीस ज्या आर्यभटाहून कितीतरी अधिक काटेकोर करून दिल्या. त्याच परंपरेतल्या परमेश्वराने आर्यभटीयावर टीका लिहिली. १८७४ मध्ये हेंड्रिक कर्नने लायडनला आर्यभटीय पहिल्यांदा छापलं ते या टीकेसह.